डीलरकडून घेतलेल्या डिझेल गाडीचा डीपीएफच (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) गायब, भांडू की गप्प बसू?

मंडळी, डोकं चालेनासं झालंय. तीन आठवड्यांपूर्वी डीलरकडून सेकंडहँड डिझेल एसयूव्ही घेतली. घेताना दोनदा विचारलं की रिमॅप (इंजिनच्या सॉफ्टवेअरमध्ये फेरफार) वगैरे काही केलंय का, तर म्हणे छे, एक स्क्रूसुद्धा हललेला नाही. पिकअप असा की मी पण खूश. काल सर्व्हिसला टाकली तर मेकॅनिकने सायलेन्सरच्या नळीत बोट फिरवलं आणि काळंकुट्ट बोट माझ्यासमोर धरलं. गाडी लिफ्टवर घेतली तर डीपीएफच्या डब्यावर वेल्डिंगची जाड शिवण, म्हणजे डबा कापून आतला फिल्टर काढून परत बंद केलाय. ईजीआरच्या (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारी सिस्टीम) पाईपमध्ये पण पत्रा टाकून वाट बंद. डीलर म्हणतो आम्हाला काही माहीत नाही, आधीच्या मालकाने केलं असेल.

टर्बोतात्या:
मेकॅनिक हुशार आहे तुझा. डीपीएफ शाबूत असेल तर नळीत एवढी काजळी जमतच नाही. आणि नुसता डबा रिकामा करून भागत नाही, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) फिल्टरच्या पुढचं-मागचं प्रेशर बघत असतो, म्हणजे सॉफ्टवेअरलाही हात लावलाय, नाहीतर डॅशबोर्डवर दिवा लागला असता. तुझा पिकअप बहुतेक तिथूनच आलाय बघ. स्कॅनर लावून कॅलिब्रेशन आयडी (सॉफ्टवेअरच्या आवृत्तीचा नंबर) आणि सीव्हीएन (त्याच सॉफ्टवेअरवरून निघणारा पडताळणीचा नंबर) काढ आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जुळवायला सांग. आयडी कधीकधी तोच ठेवतात, सीव्हीएनवर सहसा पकडले जातात. टॉर्क वाढवला असेल तर क्लचचं पण काही खरं नाही.

घाटातलाभिडू:
एवढं काय त्यात, डीपीएफ चोकअप होऊन डोक्याला तापच देतो, लोक पैसे देऊन काढतात, तुला फुकटात मिळालं 😄

कागदोपत्री:
@घाटातलाभिडू हो, आणि उद्या धुराच्या टेस्टला गाडी अडकली किंवा इन्शुरन्सवाल्याने न कळवलेल्या बदलाकडे बोट दाखवून क्लेम अडवला तर निस्तरायचं यानेच ना?
प्रश्न विचारणाऱ्या भावा, आधी एक कर, त्या वेल्डिंगला हात लावू देऊ नकोस. दुरुस्त केलंस की पुरावा गेला. मेकॅनिककडून लेखी रिपोर्ट घे, फोटोत नंबरप्लेट आणि किलोमीटर दिसू देत. डीलरशी फोनवर बोलणं बंद, जे काय ते मेलवर. 'माहीत नव्हतं' म्हणतोय ना, मग एक स्क्रू हललेला नाही हे कोणाच्या जिवावर सांगितलं ते विचार. 'आहे तशी स्वीकारली' असल्या कागदावर सही केलीयस का? जाहिरात जपून ठेवलीयस का?

प्रश्नकर्ता:
सही केलीय, पण फक्त डिलिव्हरीच्या पावतीवर, त्यात तसलं काही नाही, आत्ताच दोनदा वाचली. आणि जाहिरात अजून तशीच आहे!! त्यात चक्क 'इंजिन व एक्झॉस्ट ओरिजिनल' लिहिलंय. स्क्रीनशॉट घेतला, बायकोच्या फोनवरूनही घेतला. आता मेल लिहायला बसतो, गाडी परत घ्या नाहीतर स्वखर्चाने मूळ पार्ट बसवून द्या असंच लिहितो.