शक्तिपीठ महामार्ग: देवीच्या नावानं जमीन मागायची का?

वर्धारोडवाला: वर्ध्याजवळचं पवनार ते गोव्याच्या सीमेवरची पत्रादेवी, मूळ प्रस्तावातली लांबी सुमारे ८०२ किलोमीटर. माहूर, तुळजापूर, कोल्हापूर जोडणार म्हणून नाव शक्तिपीठ. रस्त्याला माझा विरोध नाही, समृद्धीवरून आपण नागपूरकर सुसाट जातोच. पण सक्तीनं जमीन घ्यायची तर सार्वजनिक प्रयोजन पटवून द्यावं लागतं. इथे देवीचं नाव पुढे केलं की झालं. नाही म्हणणारा शेतकरी देवीच्या आड आलेला ठरतो. तोही कुलदैवत म्हणून तुळजापूरलाच जातो, हे कोणी बघत नाही. आणि सुरुवात कुठून, तर विनोबांच्या पवनारहून! १९५१ पासून जो माणूस पायी हिंडून भूदानात जमीन मागत होता, त्याच्या गावाहून.

बर्डीकर: नुसत्या दानावर गोसीखुर्द धरण झालं असतं का? समृद्धीला बाळासाहेबांचं नाव आहे, म्हणून काय तो पक्षाचा रस्ता झाला? नाव सोडा, भाव बघा. २०१३च्या भूसंपादन कायद्यात ग्रामीण भागात चौपटीपर्यंत मोबदला आहे.

वर्धारोडवाला: त्याच कायद्यात सामाजिक परिणामांचा अभ्यासही आहे. २०१८मध्ये राज्यानं दुरुस्ती करून महामार्गांना त्यातून सूट दिली, ते काऊन नाही सांगत? इकडे जून २०२५मध्ये मंत्रिमंडळानं २०,७८७ कोटींची तरतूद मंजूर करून टाकली.

इंदोरा_चौक: दोघेही दीक्षाभूमी विसरले. काम आमच्याच श्रद्धास्थानाचं, पैसा सरकारचा. तरी भूमिगत पार्किंगच्या खोदकामानं स्तूपाला धोका होईल म्हणून १ जुलै २०२४ला लोक उतरले आणि सरकारला स्थगिती द्यावी लागली. धर्माच्या नावानं आलेलं सगळंच लोक डोळे मिटून घेतात असं नाही.

बर्डीकर: तिथे एकमत होतं. इथे विरोधाचा जोर कोल्हापूर-सांगलीकडे. त्यांच्या उसासाठी आमच्या यवतमाळनं थांबायचं? विदर्भाच्या विकासाचा अनुशेष कोण भरणार, त्यांचे कारखाने?

वर्धारोडवाला: अनुशेषाचं बरोबर आहे, तिथे मी तुमच्या बाजूनं. मग अनुशेषाच्याच नावानं मागा ना! 'पवनार-पत्रादेवी मार्ग' एवढंच लिहा नोटिशीत, आणि बघा किती जण देतात.

बर्डीकर: पत्रादेवीतही देवी आहेच बाप्पा, तिचं काय करता?