मदत हवी आहे: दगडफूल आणि गच्चीवरचं शेवाळ कुठल्या सृष्टीत घालायचं?

कॉमर्सवाले आजोबा:

मंडळी, मी बँकेतून निवृत्त झालोय. विज्ञानाशी संबंध अकरावीत तुटला. तोवर आमच्यासाठी सजीव दोनच प्रकारचे होते, वनस्पती आणि प्राणी. आता नात आठवीत आहे आणि तिला पाच सृष्टी, म्हणजे सजीवांचे पाच मोठे गट आहेत: मोनेरा (जीवाणू वगैरे केंद्रक नसलेले), प्रोटिस्टा (अमीबासारखे, केंद्रक असलेले बहुधा एकपेशीय), कवके, वनस्पती, प्राणी. व्हिटाकर नावाच्या शास्त्रज्ञांनी हे १९६९ सालीच मांडलं म्हणे. आमच्या शाळेपर्यंत काही पोचलं नव्हतं.

तिला प्रकल्प दिलाय. घरातले नि आसपासचे सजीव गोळा करायचे आणि पाच रकान्यांचा तक्ता करायचा. दही मोनेरात, पावावरची बुरशी कवकांत, तुळस, झुरळ, इथवर गाडी नीट आली. अडलीय ती दोन ठिकाणी.

पहिलं दगडफूल. गोड्या मसाल्याच्या डब्यातून नातीने उचललं. आजी म्हणते, नावातच फूल आहे, वनस्पतीत टाक. नात म्हणते, मग देठ कुठाय, बी कुठंय?

दुसरं शेवाळ. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत पावसाळ्यात ते तीन प्रकारचं दिसतं. गच्चीवर काळपट निसरडा थर (गेल्या वर्षी मी त्याच्यावरूनच घसरलो), कुंपणाच्या भिंतीवर हिरवी मखमल, आणि टाकीचं पाणी वाहतं त्या पन्हळीत लांब हिरवे धागे. जन्मभर तिन्हींना शेवाळ म्हणत आलो. नातीने तिन्ही वनस्पतींत चिकटवली. बाईंनी वही परत दिली, खाली लिहिलंय, "यातलं एक वनस्पती नाही. शोध." कुठलं ते सांगितलं नाही. सोमवारी द्यायचंय.

पर्वतीपायथा:

आमच्या गच्चीवर चेअरमन ब्लीचिंग पावडर मारतात, वर्गीकरण करायला काही उरतच नाही. पण काका, दगडफूल वनस्पती नाही, एवढं नक्की.

सूक्ष्मदर्शी:

काका, बाई चांगल्या आहेत हो. थेट उत्तर न देता कामाला लावलंय.

गोंधळ आपल्या शब्दाचा आहे. हिरवं नि बुळबुळीत ते सगळं शेवाळ. भिंतीवरची मखमल भिंगाखाली धरा, इवलाली पानं दिसतील. ते मॉस, म्हणजे ब्रायोफायटा गटातली वनस्पती. पन्हळीतले धागे बोटांत बुळबुळीत लागत असतील तर बहुधा स्पायरोगायरा. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या पेशीत हरितलवकाची (अन्न तयार करणाऱ्या हिरव्या भागाची) पट्टी स्प्रिंगसारखी गुंडाळलेली दिसते, एकदा पाहिली की विसरत नाही. शाळेच्या पुस्तकांत तो थॅलोफायटात, म्हणजे मूळ-खोड-पान नसलेल्या साध्या वनस्पतींतच धरतात.

राहिला गच्चीवरचा काळा थर. तो बहुतेक वेळा नीलहरित शैवालांचा असतो. नावात शैवाल असलं तरी ते जीवाणू आहेत. पेशीत केंद्रक नाही, हरितलवक नाही, रंग पेशीभर पसरलेला. म्हणून मोनेरा. उन्हाळाभर वाळून काळ्या पापुद्र्यासारखं पडून राहतात आणि पहिल्या पावसात पुन्हा जागे होतात, त्यामुळे दर जूनला घसरगुंडी तयार. बाईंचं "एक" ते हेच. दही आणि गच्चीचा थर एका रकान्यात बघून आजींना धक्का बसेल, पण तसंच आहे.

दगडफुलात एक नाही, दोन जीव आहेत. कवकाच्या धाग्यांचं घर आणि आत राहणारं हिरवं शैवाल. शैवाल अन्न तयार करतं, कवक आसरा आणि ओलावा देतं. मराठीत याला शैवाक म्हणतात, म्हणजे शब्दसुद्धा जोडलेलाच. नाव दगडाचं असलं तरी मसाल्यातलं बरंचसं झाडांच्या सालीवरून काढलेलं असतं. शैवाकाचं शास्त्रीय नाव त्यातल्या कवकाचं धरतात, तेव्हा कवकांच्या रकान्यात घाला आणि बाजूला "जोडीदार: शैवाल" असं लिहा.

एक गंमत करून बघा. दगडफुलाचा करडा तुकडा पाण्यात दहा मिनिटं बुडवा. वरचं आवरण ओलं झालं की पारदर्शक होतं आणि आतला हिरवा थर डोकावतो. ब्लेडने हलकं खरवडलंत तर अजून स्पष्ट दिसेल. जुना माल असेल तर रंग फिका येईल.

पर्वतीपायथा:

आणि व्हायरस? तो कुठल्या रकान्यात?

सूक्ष्मदर्शी:

कुठल्याच नाही. पाचही सृष्टी पेशीवर उभ्या आहेत आणि विषाणूला पेशीच नाही.

कॉमर्सवाले आजोबा:

बुडवलं! वाटीतला तुकडा आधी राखाडी होता, आता कडेने हिरवट झालाय. नातीने वाटी घरभर फिरवून दाखवली. आजी म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं आमटीत बुरशी घालतेय मी?" आणि मसाल्याचा डबा वरच्या फळीवर गेला.

मखमलीत पानं दिसली. काळ्या थरात भिंगाने काही कळत नाही, नुसता चिकटा. कोथरूड, कर्वेनगर भागात कोणाकडे सूक्ष्मदर्शक असेल तर एक दिवस उसना मिळेल का? रविवारी रात्री आठच्या आत स्वतः आणून देईन.