मणि कौल पाहायचे असतील तर सुरुवात कुठून करावी?

धागाकर्ता
दिग्दर्शक मणि कौल यांचे चित्रपट पाहू इच्छिणाऱ्याला बहुतेक जण ‘उसकी रोटी’ (१९७०) सुचवतात, कारण तो त्यांचा पहिला कथाचित्रपट आहे. हा कालक्रम अभ्यासकाला सोयीचा असला, तरी नवख्या प्रेक्षकाने ‘दुविधा’पासून (१९७३) सुरुवात करावी, असे माझे मत आहे. राजस्थानी लेखक विजयदान देथांच्या ज्या कथेवर अमोल पालेकरांनी २००५ मध्ये ‘पहेली’ केला, तीच ही कथा. नवरा व्यापारासाठी दूर जातो आणि भूत त्याचे रूप घेऊन घरात येते, हे आधीच ठाऊक असल्यामुळे पुढे काय होणार याची उत्सुकता छळत नाही आणि नजर पांढऱ्या भिंतींवर, मध्येच गोठणाऱ्या दृश्यांवर निवांत ठरते.

पहिला प्रतिसाद
मी असहमत आहे. ‘पहेली’तली गाणी आणि थाटमाट डोक्यात असलेला प्रेक्षक ‘दुविधा’त काय काय नाही, हेच मोजत बसेल. ‘उसकी रोटी’त तुलनेला काही नाही: बालो बसचालक नवऱ्याची रोटी घेऊन रस्त्याच्या कडेला उभी आहे आणि बस येत नाही. तिच्याबरोबर आपल्यालाही ताटकळावे लागते. के. के. महाजन यांच्या कॅमेऱ्याने कधी मोकळा रस्ता, तर कधी नुसते हात दाखवत ते ताटकळणे ज्या रीतीने टिपले आहे, ते सोसले नाही, तर पुढचे कौल झेपणार नाहीत. मग उगाच आडवळण कशाला?

दुसरा प्रतिसाद
दोन्ही नकोत, ‘ध्रुपद’ (१९८२) पाहावा. कौल स्वतः डागर घराण्यातल्या कलावंतांकडे ध्रुपद ही जुनी शास्त्रीय गायकी शिकले होते. त्यातला झिया मोहिउद्दीन डागरांच्या रुद्रवीणेचा, तालाविना चालणारा संथ आलाप ज्याला ‘पखवाज कधी सुरू होणार’ असे न विचारता ऐकता येतो, त्याला या दिग्दर्शकाची लय आणखी समजावून सांगावी लागत नाही. (मोबाइलच्या स्पीकरवर मात्र ऐकू नये.)

धागाकर्ता
‘ध्रुपद’ सुंदर आहे, पण तो माहितीपट असल्यामुळे कौल कथेचे आणि नटांचे काय करतात, हे त्यातून कळत नाही. आणि नवखा प्रेक्षक बिचकतो तो नेमका तिथेच. ‘उसकी रोटी’तले भावहीन, सपाट उच्चार ऐकून त्याला वाटते की नटांना अभिनयच येत नाही. ‘दुविधा’त गोष्ट बरीचशी निवेदनातून पुढे सरकते, त्यामुळे तोच सपाटपणा लोककथा सांगणाऱ्याच्या अलिप्त स्वरासारखा वाटतो आणि खटकत नाही. त्यानंतर लगेच ‘उसकी रोटी’ पाहावा, एवढे मला मान्य आहे.