मदत हवी आहे: आईच्या गमीज गाडीतून डॅलसला नेता येतील का? गुरुवारी पहाटे निघतोय

चिंतूराव (सोमवार, २ सप्टेंबर २०२४, रात्री ९:४०)
मंडळी, पटकन उत्तर हवंय. आईचे गुडघे दुखतात, रात्रभर झोप नाही. म्हणून इथल्या दुकानातून गमीज, म्हणजे चघळायच्या जेलीच्या गोळ्या, आणल्या. रीतसर दुकान आहे, पावतीही आहे. आता गणपतीला ताईकडे डॅलसला चाललोय, गाडीने. डबी सोबत घेतली तर काही लफडं होईल का? गूगलवर जितकी पानं तितकी मतं. ज्यांना नक्की माहीत आहे त्यांनीच लिहा, प्लीज.

तर्रीबाज (९:५२)
कसल्या गमीज? व्हिटॅमिन डी? मेलाटोनिन? आणि "इथलं" म्हणजे कुठलं? आम्ही काय तुमच्या सोफ्यावर बसलोय?

चिंतूराव (९:५५)
अहो, त्याच त्या, गांजाच्या. एवढं विचारतोय म्हणजे व्हिटॅमिनच्या नसणार ना. इथे लीगल आहेत.

डेन्व्हरचा दादा (१०:०३)
बिनधास्त ने रे. मी १ जानेवारी २०१४ ला, आमच्या कोलोरॅडोत विक्रीच्या पहिल्या दिवशी, थंडीत कुडकुडत रांगेत उभा होतो. तेव्हापासून आजतागायत कोणी हटकलं नाही. २४ राज्यांत खुलं झालंय आता. गाडीतली डबी उघडून बघायला पोलिसांना वेळ आहे का?

एडिसनची सून (१०:१५)
दादा, तुमचं "कोणी हटकलं नाही" हे कोर्टात पुरावा म्हणून चालेल का? राज्याराज्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आमच्या न्यू जर्सीत २०२२ च्या एप्रिलपासून दुकानातून एक औंस (साधारण २८ ग्रॅम) घ्या, कोणी हू की चू करणार नाही. पण बाल्कनीत तुळशीशेजारी त्याचं एक रोप लावलंत तर गुन्हा! नदीपलीकडे न्यूयॉर्कमध्ये तीन औंस चालतात. दुसऱ्या अंगाला पूल ओलांडून पेनसिल्व्हेनियात गेलात की फक्त मेडिकल, म्हणजे कार्ड असलेल्या पेशंटलाच, आणि तिथे आमचं जर्सीचं कार्ड दाखवून उपयोग नाही. धागाकर्त्यांनी आधी राज्य सांगावं.

चिंतूराव (१०:२१)
इलिनॉय. शिकागोच्या पश्चिमेला राहतो. रस्ता सेंट लुईस, टल्सा, डॅलस. आता सांगा.

गुडघेगुरू (१०:३०)
आईंचं वय किती? एक्स-रे काढलाय का? माझ्या मातोश्रींचे दोन्ही गुडघे पुण्यात बदलून घेतले, तिसऱ्या दिवशी वॉकर घेऊन चालत होत्या. हे गमी-बिमी तात्पुरतं असतं. तोवर निर्गुडीचं तेल कोमट करून लावा, वर एरंडाचं पान बांधा.

तर्रीबाज (१०:३३)
गुरुजी, शिकागोत एरंडाचं पान कुठल्या झाडाला लागतं तेही सांगून टाका.

कलमकसाई (१०:५८)
वकील नाही, पण या विषयावर बरंच वाचलेलं आहे. चिंतूराव, तुमच्या रस्त्यानेच जाऊ.

इलिनॉय: १ जानेवारी २०२० पासून २१ वर्षांवरच्यांना खुलं. रहिवाशाला गमीजसारख्या खाण्याच्या प्रकारात एकूण ५०० मिलिग्रॅम टीएचसी (गांजातलं नशा आणणारं द्रव्य) जवळ ठेवता येतं, पाहुण्याला निम्मं, म्हणजे २५०. गाडीत मात्र सीलबंद डबीतच हवं. इथवर तुम्ही सुखरूप.

सेंट लुईसला मिसिसिपीवरचा पूल ओलांडलात की मिझुरी. तिथेही २०२२ च्या नोव्हेंबरात लोकांनी मत देऊन खुलं केलं. म्हणजे पुलाच्या दोन्ही टोकांना दुकानं आहेत, पण इकडची डबी तिकडे नेणं हा संघराज्याच्या कायद्याने गुन्हा. १९७० च्या त्या कायद्यात गांजा अजून पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक परिशिष्टात आहे, हेरॉइनच्या शेजारी. या मे महिन्यात तो तिसऱ्यात टाकायचा प्रस्ताव आला, पण प्रस्ताव म्हणजे कायदा नव्हे.

मग ओक्लाहोमा. २०१८ पासून फक्त मेडिकल. सरसकट खुलं करायचं का, हे गेल्या वर्षी मार्चमध्ये लोकांना विचारलं, लोक नाही म्हणाले. बाहेरच्या पेशंटला ३० दिवसांचा परवाना मिळतो, पण त्यासाठी आपल्या राज्याचं मेडिकल कार्ड लागतं.

आणि टेक्सास. तिथे गंमत बघा. सुका पाला दोन औंसांच्या आत सापडला तर किरकोळ गुन्हा, जास्तीत जास्त १८० दिवस. पण गमी, तेल, चॉकलेट हा "अर्क" धरतात आणि तो थेट फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा. त्यातही वजन आतल्या टीएचसीचं करत नाहीत, साखर-जिलेटिनसकट अख्ख्या गमीचं करतात. चार ग्रॅमच्या दहा गमीज म्हणजे ४० ग्रॅम. ४ ते ४०० ग्रॅमला शिक्षा २ ते २० वर्षं. आतला माल सगळा मिळून १०० मिलिग्रॅम असेल, तरीही.

डेन्व्हरचा दादा (११:०४)
एवढं घाबरवायची गरज आहे का? म्हाताऱ्या बाईला २० वर्षं टाकणारा जज अजून जन्मायचाय.

कलमकसाई (११:०९)
टाकणार नाही हो. पण अटक, जामीन, वकील, गाडी जप्त, गणपती कोठडीत. कशाला?

पर्याय_सुचवा (११:२०)
आईचं इलिनॉयचं मेडिकल कार्ड काढा ना. सोप्पं आहे, माझ्या बायकोचं काढलं. करही कमी लागतो आणि घरी पाच रोपं लावता येतात.

एडिसनची सून (११:२४)
रोपं काय करतील त्या गुडघ्याला? आणि आई इथे राहते की पाहुणी आहे? चिंतूराव, व्हिसा कुठला?

चिंतूराव (मंगळवार, ३ सप्टेंबर, सकाळी ६:५०)
व्हिजिटर. जूनमध्ये आली, नोव्हेंबरमध्ये परत जाणार. व्हिसाचा इथे काय संबंध?

एडिसनची सून (७:०५)
सगळा संबंध व्हिसाचाच आहे! पाहुण्याला मेडिकल कार्ड मिळत नाही, राज्याचा रहिवासी असावं लागतं, तेव्हा तो पर्याय बाद. आता खरं सांगा, डबी कोणी विकत घेतली? तुम्ही की आईंनी?

चिंतूराव (७:११)
दोघं गेलो होतो. दारावर ओळखपत्र मागितलं, आईने पासपोर्ट दाखवला. क्रेडिट कार्ड चालत नाही म्हणाले, मी एटीएममधून रोख काढून दिली. आई म्हणाली, रेशनच्या दुकानापेक्षा स्वच्छ आहे.

औषधवाली (७:४०)
फार्मासिस्ट आहे म्हणून विचारते. आईंची बाकीची औषधं कोणती? किती मिलिग्रॅमची गमी, किती घेतल्या, कधी? हे कोणी विचारतच नाहीये.

चिंतूराव (८:०२)
डबीवर लिहिलंय: प्रत्येकी १० मिलिग्रॅम टीएचसी, एकूण १० गमीज. पहिल्या दिवशी रात्री नऊला एक दिली. दहापर्यंत काहीच नाही, म्हणून "साखरेचीच गोळी दिलीन मला" म्हणत तिने आपल्या हाताने दुसरी घेतली. अकराला म्हणाली, देवघरातली समई जवळ येतेय आणि लांब जातेय. मग हसायला लागली, थांबेचना. दुसऱ्या दिवशी अकराला उठली. आता अर्धीच देतो. बीपीची गोळी आहे आणि रक्त पातळ करायची एक आहे.

औषधवाली (८:१५)
रक्त पातळ करायची कुठली? वॉरफरिन असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, गांजातली द्रव्यं तिची पातळी वर नेऊ शकतात. खाल्लेल्याचा अंमल चढायला दोन तासही लागतात, म्हणून सगळे हमखास दुसरी घेतात. पहिल्यांदा घेणाऱ्या ६०-६५ च्या पुढच्या माणसाला १० मिलिग्रॅम भरपूरच झाले, अडीचने सुरुवात करतात. रात्री बाथरूमला जाताना तोल गेला तर गुडघा राहील बाजूला, खुबा जाईल.

काशीकर (८:३३)
अमेरिकेने शेवटी आपल्याच शिवशंभोची मुळी धरली म्हणायची. आमच्या बनारसात भांगेची सरकारी ठेक्याची दुकानं आहेत, पाटी लावलेली. इथे डबीवर मिलिग्रॅम लिहून विकलं की औषध, आपण पाट्यावर वाटलं की मागासलेले!

कलमकसाई (८:४१)
काशीकर, भांग आणि गांजा यांत गल्लत नको. आपल्याकडच्या १९८५ च्या एनडीपीएस (अंमली पदार्थांच्या) कायद्यात गांजा म्हणजे फुलोरा आणि चरस म्हणजे राळ. नुसती पानं त्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून भांग राज्यांच्या अबकारी खात्याकडे गेली. ठेका बनारसात चालतो म्हणून तो पुण्यातही चालेल असं नाही. राज्याराज्यांची भानगड आपल्याकडेही आहे.

काशीकर (८:४५)
पुण्यात महाशिवरात्रीला कोण काय पितं ते सांगू का इथे?

तर्रीबाज (८:४७)
अवांतर थांबवा. भांगेचा वेगळा धागा काढा, तिथे मीही येतो.

रांगेतला_रमेश (९:३०)
चिंतूराव, कायद्याचं कलमकसाईंनी सांगितलं, पण खरी भीती पोलिसांची नाही, इमिग्रेशनची आहे. नागरिक नसलेल्या माणसाला शिक्षाच व्हायला हवी असं नाही, अटकही नको. अधिकाऱ्यासमोर "हो, घेतलं होतं" एवढी कबुली पुरते, कारण संघराज्याच्या लेखी तो गुन्हाच. राज्यात कायदेशीर होतं हा बचाव चालत नाही. २०१९ च्या एप्रिलमध्ये इमिग्रेशन खात्याने नागरिकत्वासाठी हेच लेखी स्पष्ट केलं. अशा दुकानात नोकरी केली तरी आडवं येतं. व्हिसाच्या डीएस-१६० अर्जात दोन प्रश्न आहेत, अंमली पदार्थांचा कायदा मोडलाय का, आणि व्यसन आहे किंवा होतं का. आपण सगळे पटापट नाही नाही करत खाली जातो. पुढच्या वेळी आईंना तिथे काय लिहायचंय याचा विचार करा. खोटंही लिहायचं नाहीये.

डेन्व्हरचा दादा (९:३८)
हे मात्र खरं. मी सिटिझन आहे, म्हणून माझं चाललं. मागे घेतो.

तर्रीबाज (९:३९)
दादांनी काहीतरी मागे घेतलं, स्क्रीनशॉट काढून ठेवा रे.

चिंतूराव (दुपारी १२:१०)
अरे बापरे. सांगायचं राहिलं, ताई सिटिझन आहे आणि जानेवारीत आईचं ग्रीन कार्ड फाइल करणार आहे. मला वाटलं हा विषय वेगळा.

रांगेतला_रमेश (१२:१४)
वेगळा!!! हे पहिल्या ओळीत हवं होतं. ग्रीन कार्डाच्या मेडिकल तपासणीत डॉक्टर याबद्दल विचारतात. इथे विचारत बसू नका, फाइल करण्याआधी एका इमिग्रेशन वकिलाला तासाभराचे पैसे द्या. आईंच्या फोनमध्ये त्या डबीचे फोटो, नातेवाइकांच्या ग्रुपवर समईची गोष्ट, असलं काही गेलंय का?

चिंतूराव (१२:१६)
मावशीला व्हॉइस मेसेज गेलाय. हसतानाचा.

गुडघेगुरू (१२:४०)
वजन किती आहे आईंचं?

पर्याय_सुचवा (१:०५)
मग विमानाने जा. विमानतळावर तपासणी करणारे टीएसएवाले गांजा शोधत नाहीत, त्यांच्याच संकेतस्थळावर लिहिलंय.

कलमकसाई (१:१२)
पुढचं वाक्यही वाचा: सापडला तर पोलिसांना कळवतात. शिकागोच्या ओहेअर विमानतळावर तपासणीपलीकडे निळी पेटी ठेवली आहे, जवळ असेल ते गुपचूप टाकायला. इलिनॉयमध्ये खुलं झालं त्याच महिन्यात बसवली. आणि विमान शेवटी टेक्सासलाच उतरणार ना?

चिंतूराव (रात्री ९:२०)
डबी नेत नाही, ठरलं. उरलेल्या सात गमीज चहाच्या चोथ्यात कालवून कचऱ्यात टाकल्या. आई बघत उभी होती. म्हणाली, "चाळीस डॉलर होते रे ते." औषधवाली ताई, गोळी वॉरफरिनच निघाली, पुण्याच्या डॉक्टरांना फोन केला. ते आधी पाच मिनिटं बोललेच नाहीत, मग आठवड्यात रक्त तपासायला सांगितलं. सगळ्यांचे आभार.

चिंतूराव (मंगळवार, १० सप्टेंबर, रात्री १०:३५)
पोचलो, गणपतीही झाले, म्हणून लिहितोय. टल्साच्या पुढे वेगासाठी पकडलं. ताशी ८१ मैलांनी चाललो होतो, चूक माझीच. ट्रूपरने लायसन्स घेतलं आणि मागच्या सीटवर टॉर्च मारला. आईच्या मांडीवर झिपलॉकची पिशवी, त्यात दीड किलो पांढरी पावडर. मोदकाची पिठी! घरी दळलेली, लेबल नाही, काही नाही. मी इंग्रजी विसरलो. आईने पिशवी वर धरून सांगितलं, "राइस. फॉर गॉड." त्याने हुंगली, परत दिली आणि दंडाची पावती फाडून गेला. वर गमीजची डबी असती तर काय झालं असतं याचा विचार करत मी पुढचे दोन तास ६० ने चालवली.

अजून एक. ताईच्या घराजवळच्या पेट्रोल पंपावर काउंटरमागे तशाच गमीज रांगेने मांडलेल्या! टेक्सासात! हे काय प्रकरण आहे?

कलमकसाई (१०:५०)
हेम्पच्या. २०१८ च्या केंद्राच्या शेती कायद्यात सुक्या वजनाच्या ०.३ टक्क्यांपर्यंत टीएचसी असेल तर तो गांजा नाही, हेम्प. टेक्सासने २०१९ मध्ये तीच व्याख्या घेतली. आता हिशोब करा: चार ग्रॅमच्या गमीत ०.३ टक्के म्हणजे १२ मिलिग्रॅम. तुमच्या इलिनॉयच्या गमीपेक्षा दोनने जास्त. एक पंपावर मिळते, दुसरी फेलनी.

औषधवाली (१०:५४)
पंपावरच्या त्या डबीत लिहिलंय तेवढंच असतं याची कोणी खात्री देत नाही. घेऊ नका. वॉरफरिन पंपाला कळत नाही.

चिंतूराव (११:०२)
नाही घेतल्या. आईने काचेतून बोट दाखवलं होतं, मी हाताला धरून गाडीत बसवली. आता रोज विचारते, पंपावर पुन्हा कधी जायचंय, गाडीत पेट्रोल आहे का.

गुडघेगुरू (११:१५)
मोदक उकडीचेच ना? मग जमिनीवर बसून वळू देऊ नका, ओट्यापाशी उंच स्टूल द्या.