स्टेशनवर उतरल्यापासून बोटीत पाय ठेवेपर्यंत : पहिल्या क्रूझ बंदराचे अनुभव सांगा

रामबागवाली

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आई-बाबा पहिल्यांदा क्रूझला चाललेत, मुंबई ते गोवा आणि परत. बाबा ७१ चे, आई ६८ ची, आईचे गुडघे दुखतात. बोटीवरचं जेवण, केबिन, शो याचे व्हिडिओ ढीगभर सापडले पण स्टेशनवर उतरल्यापासून बोटीत पाय ठेवेपर्यंत नक्की काय काय होतं ते कोणी धड सांगतच नाही. आपण इंदूरचे, आपल्याला पाणी म्हणजे महेश्वरचा घाट नाहीतर ओंकारेश्वर, नावाडी हाक मारतो, आपण पायऱ्या उतरून नावेत बसतो, संपलं. तिथे गेट, पास, पोलीस, रांगा असं सगळं असतं म्हणे. मी सोबत जाऊ शकत नाहीये, सुट्टी नाही मिळाली, म्हणून जीव लागून राहिलाय. आपल्या इंदूरच्या लोकांपैकी जे जे जाऊन आलेत त्यांनी कृपया आपापलं पहिलं बंदर सांगा. कुठल्याही देशाचं चालेल. चुकलं असेल तर ते आधी सांगा.

लोकमान्यनगर_जुना

ताई, मुंबईचं मी सांगतो, आम्ही दोघं नवरा-बायको गेलो होतो. अवंतिका एक्सप्रेस पहाटे मुंबई सेंट्रलला पोचवते आणि बोटीत घेतात दुपारी, म्हणजे मधले सहा-सात तास सामान घेऊन कुठे बसायचं हा पहिला प्रश्न. वेटिंग रूममध्ये आंघोळ उरकली, बॅगा क्लोकरूमला दिल्या (बॅगेला कुलूप नसेल तर घेत नाहीत, आईबाबांना छोटी कुलुपं नक्की द्या) आणि निवांत नाश्ता केला. इथपर्यंत छान.

मग टॅक्सीवाल्याला म्हटलं क्रूझला जायचंय. तो बिचारा सरळ भाऊच्या धक्क्यावर घेऊन गेला. त्याची चूक नाही, मांडव्याला गाड्या घेऊन जाणारी रो-रो तिथूनच सुटते, देशातल्या देशात जाणाऱ्या बोटींचं टर्मिनल पण त्याच बाजूला, त्यामुळे बोट म्हटलं की पुष्कळ टॅक्सीवाल्यांना तेच आठवतं. आमची मोठी क्रूझ होती बॅलार्ड पियरला. तिथून परत पी. डिमेलो रोडने ट्रकच्या रांगेत अडकत अडकत आलो, बायकोचे हात गार पडले होते, मी घड्याळाकडे बघायचंच सोडून दिलं.

एक गोष्ट मला आधी कोणी सांगितली असती तर हे टळलं असतं. मुंबई बंदराच्या गेटांना रंगांची नावं आहेत, रेड गेट, ग्रीन गेट, यलो गेट, ऑरेंज गेट, पर्पल गेट. आमच्या तिकिटावर बारीक अक्षरात ग्रीन गेट लिहिलेलं होतं आणि मी ते वाचून सोडून दिलं होतं, वाटलं विमानतळावर असतो तसा आतला एखादा दरवाजा असेल. तो आतला दरवाजा नाही, तोच पत्ता आहे! टॅक्सीवाल्याला क्रूझ म्हणूच नका, बॅलार्ड इस्टेट, ग्रीन गेट म्हणा, झालं. आता नवीन टर्मिनल पण झालंय तिथे, २०२५ च्या सप्टेंबरमध्ये उद्घाटन झालं, तेव्हा तिकिटावर जे गेट लिहिलंय तेच धरून चाला, आमच्या वेळचं ग्रीन गेट होतं म्हणून डोळे मिटून तिथे जाऊ नका.

आणि त्या जागेबद्दल एक सांगायचा मोह होतो. याच बॅलार्ड पियरवर पूर्वी विलायतेच्या बोटी लागायच्या आणि तिथेच रेल्वेचं स्टेशन होतं, १९२८ मध्ये सुरू झालेली फ्रंटियर मेल बोटीवरच्या लोकांना घेऊन तिथून पेशावरला निघायची, बडोदा-रतलाम करत. आमचे आजोबा रतलामला रेल्वेत होते, लहानपणी ते त्या गाडीबद्दल सांगायचे. त्या धक्क्यावर उभं राहिलो तेव्हा त्यांची फार आठवण आली.

रामबागवाली

काका, खूप खूप धन्यवाद, हे गेटाचं आम्हाला अजिबातच माहीत नव्हतं. आत्ता तिकीट काढून बघितलं, गेट लिहिलंय खरंच, खालच्या कोपऱ्यात.

सुदामानगर_सिंगापूर

आमचं पहिलं बंदर सिंगापूर. सगळं अगदी टापटीप, बोर्ड इंग्रजीत, मेट्रो थेट बंदरापर्यंत, तरीही आम्ही चुकलो, कारण तिथे क्रूझची दोन टर्मिनलं आहेत. एक हार्बरफ्रंटला, मोठ्या मॉलला लागून, आणि दुसरं मरीना बे क्रूझ सेंटर, ते २०१२ मध्ये सुरू झालेलं, मोठ्या बोटी बहुतेक तिथे लागतात. नणंद आधी जाऊन आली होती ती हार्बरफ्रंटवरून, म्हणून आम्ही पण तिथेच. मेट्रोतून बाहेर आलो तर क्रूझ सेंटर असा मोठा बोर्ड, लोक बॅगा ओढत चाललेले, मला वाटलं आलं बाई. आत गेल्यावर कळलं हे सगळे इंडोनेशियातल्या बटाम बेटावर जाणाऱ्या फेरीचे लोक.

काउंटरवरच्या मुलीने आमचा कागद बघितला आणि स्वतः बाहेर येऊन मेट्रोचा नकाशा दाखवला, धोबी घाट स्टेशनला गाडी बदलायची आणि लाल लाइनच्या अगदी शेवटच्या स्टेशनला उतरायचं, मरीना साउथ पियर. धोबी घाट हे नाव तिथे ऐकून इतकं बरं वाटलं, परक्या गावात कोणीतरी ओळखीचं भेटल्यासारखं. पाऊण तासात पोचलो, वेळ हातात होता म्हणून निभावलं.

दुसरं म्हणजे कागद. सिंगापूरमध्ये शिरायच्या आधी तीन दिवसांच्या आत अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं असतं, ते फुकट आहे, पैसे मागणाऱ्या साइटवर भरू नका. आणि क्रूझ पेनांग-फुकेट करून परत सिंगापूरलाच येते म्हणजे तुम्ही सिंगापूरमध्ये दुसऱ्यांदा शिरता, तर व्हिसा पण मल्टिपल एंट्रीच हवा आणि ते कार्ड पण पुन्हा भरायचं. आमच्या रांगेत पुढे एक कुटुंब होतं, त्यांचा एजंट हे सांगायलाच विसरला होता, त्या बाईचं तोंड मला अजून आठवतं. मला तर वाटतं एजंट कितीही ओळखीचा असो, व्हिसाच्या कागदावर किती एंट्री लिहिल्यात ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.

विजयनगरचा_मी

ब्रोशरवर शहराचं जे नाव असतं ते बंदर त्या शहरात असेलच असं नाही, हे सगळ्यांनी मनात पक्कं करा. आमच्या कागदावर मोठ्या अक्षरात रोम होतं. बोट लागली चिवितावेक्कियाला, रोमपासून सत्तर-ऐंशी किलोमीटर. फ्लोरेन्स म्हणतात आणि बोट लागते लिव्होर्नोला, पॅरिस म्हणतात आणि लागते ल हाव्रला, बर्लिन लिहितात ते वार्नेमुंडे असतं आणि तिथून बर्लिनला जाऊन यायलाच दिवस जातो.

तर चिवितावेक्किया. बोटीतून उतरलं की बंदरात पायी हिंडू देत नाहीत, फुकट शटल बस असते ती लार्गो देल्ला पाचे नावाच्या जागी सोडते, तिथून पुढे दुसऱ्या बसने किंवा चालत रेल्वे स्टेशन. लोकल गाडीचं कागदी तिकीट घेतलं तर प्लॅटफॉर्मवरच्या छोट्या मशीनमध्ये घालून त्यावर शिक्का मारून घ्यायचा, नाहीतर तिकीट असूनही दंड. साधारण तासाभरात रोम. आम्ही सान पिएत्रोला उतरलो, व्हॅटिकन तिथून चालत आहे, उगाच मोठ्या टर्मिनी स्टेशनपर्यंत जाऊन परत यायची गरज नाही.

आता परतीचं. बोटीची वेळ साडेपाच होती, म्हणजे पाचच्या आत बोटीत. तीनची गाडी पकडायचं ठरवलेलं, ती लेट. बोर्डावर आधी दहा मिनिटं, मग वीस, मग पस्तीस. आई प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसून रामरक्षा म्हणत होती आणि मी पर्समधला बोटीचा कागद परत परत काढून बघत होतो, त्यावर बोट कंपनीच्या त्या बंदरातल्या एजंटचा फोन नंबर असतो. (हा नंबर रोजच्या कार्यक्रमाच्या पत्रकात छापतात, उतरताना त्याचा फोटो काढून ठेवा, बोट चुकली तर तोच एक माणूस कामाचा.) पोचलो, पावणेपाचला. शटलमधून उतरून आईचा हात धरून जे चाललोय ते सांगता येत नाही. बोट कंपनीच्या टूरने गेलात आणि उशीर झाला तर ते थांबतात, आपले आपण गेलात तर बोट थांबत नाही, इतकं साधं आहे. तेव्हापासून मी परतीची ठरवलेली गाडी एक सोडून आधीची धरतो.

आणि मोबाइलचं घड्याळ. इटली-ग्रीस असं चाललात तर एक तासाचा फरक पडतो, फोन आपोआप बदलतो पण बोटीची वेळ बोट ठरवेल ती. आईच्या हातात साधं काट्याचं घड्याळ होतं, ते बोटीच्या वेळेवर लावून दिलं आणि सगळ्यांनी तेच बघायचं.

स्नेहलतागंज

छोटंसं. मुलाकडे अमेरिकेत गेलो होतो, न्यूयॉर्कहून क्रूझ. न्यूयॉर्कला तीन ठिकाणं आहेत, मॅनहॅटनमध्ये हडसन नदीवर, ब्रुकलिनमध्ये रेड हुकला, आणि तिसरं केप लिबर्टी, ते तर न्यू जर्सीत बेयॉनला. मुलाने बरोबर सोडलं म्हणून प्रश्न आला नाही, पण आमच्या समोर एक म्हातारं जोडपं टॅक्सीतून उतरलं आणि पाच मिनिटांत रडवेलं होऊन परत बसलं.

व्हीलचेअर आधी लिहून मागवा, तिथे जाऊन मागितली तर मिळते पण ताटकळावं लागतं. रामबागवाली ताई, आईसाठी हे आजच करा. टर्मिनलमध्ये चालणं भरपूर असतं, आणि बोटीत चढायचा जो उतरता-चढता पूल असतो तो पाणी वरखाली होईल तसा कमी-जास्त उभा होतो.

राजेंद्रनगरची_आई

मी क्रूझने गेले नाही. लिहावं की नाही विचार करत होते. माझा मुलगा क्रूझवर आहे, किचनमध्ये, भाज्या चिरण्यापासून सुरुवात केली आता पुढे गेलाय. एका कॉन्ट्रॅक्टला आठ-नऊ महिने घरी येत नाही. गेल्या थंडीत त्याची बोट जगाच्या फेरीवर असताना मुंबईला एक दिवस लागणार होती. तो म्हणाला आई येऊ नकोस, मला किती वेळ सुट्टी मिळेल सांगता येत नाही. मी म्हटलं मी येते, तुला दुरून बघीन.

आदल्या रात्री अवंतिकाने आम्ही दोघं गेलो. सकाळी आठला ग्रीन गेटला. आत जाता येत नाही, पास लागतो, तिथे सीआयएसएफचे जवान असतात, त्यांनी अदबीने सांगितलं मावशी इथून पुढे नाही. गेटाबाहेरून बोट दिसतच नाही हो, मला वाटलं होतं निदान बोट तरी दिसेल, नुसता वरचा पांढरा भाग दिसला एका इमारतीच्या मागून, आणि त्यातलं माझं मूल कुठे असेल. परदेशी पाहुणे बसमध्ये बसून शहर बघायला जात होते, ते हात हलवत होते, मी पण हलवला.

साडेअकराला फोन आला, बारा ते दोन सुट्टी मिळाली. तो बाहेर आला तेव्हा अंगावर साधा टी-शर्ट, गळ्यात कार्ड. बारीक झालाय. समोरच्या फुटपाथवर झाडाखाली आम्ही बसलो. मी घरचे बेसनाचे लाडू, उसळ-पोळी आणि इंदूरची लौंग सेव नेली होती. पोळी त्याने तिथेच खाल्ली, चार पोळ्या, बोलला नाही काही, नुसता जेवत होता. लाडवांचं म्हणाला घरचं खायचं आत नेऊ देतील की नाही माहीत नाही, मग पाकीटबंद सेव तेवढी पिशवीत ठेवली आणि लाडू तिथेच जेवढे जातील तेवढे खाल्ले, उरलेले गेटावरच्या जवानांना दिले. पावणेदोनला तो गेला. गेटातून आत जाताना कार्ड दाखवलं, मशीनने पिप् केलं, वळून बघितलं.

ताई, तुमचे आईबाबा जातील तेव्हा जेवायच्या टेबलावर कोणी आपल्याकडचा मुलगा वाढत असला तर त्याला फक्त विचारा, कुठला रे तू बाळा.

रामबागवाली

काकू, वाचून किती वेळ नुसती बसून राहिले. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली त्यांच्या मुलाची बोट परत मुंबईला लागली तर सांगा, आपण इथून डबा देऊ.

अन्नपूर्णा_रोड

दोन-तीन कामाच्या गोष्टी राहिल्यात त्या लिहितो. टर्मिनलला पोचलं की मोठ्या बॅगा तिथेच काढून घेतात आणि त्या रात्री उशिरापर्यंत सुद्धा केबिनबाहेर येत नाहीत. माझी साखरेची औषधं बॅगेत गेली आणि दुपारचा डोस चुकला. औषधं, चष्मा, आधार, एक जोडी कपडे, सगळं खांद्यावरच्या पिशवीत. लगेजचा टॅग कागदी असतो, प्रिंट करून घरूनच नेला तर चिकटपट्टी पण घरूनच न्या.

घरी बसून चेक-इन करून ठेवा, त्यात यायची वेळ दिलेली असते ती पाळा, फार आधी जाऊन उभं राहण्यात आईच्या गुडघ्यांचे हाल. पहिल्याच दिवशी सुरक्षेची ड्रिल असते, भोंगा वाजतो, तेव्हा घाबरायचं नाही आणि टाळायची पण नाही. २०१२ च्या जानेवारीत इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया बुडाली त्यात ३२ माणसं गेली, त्या बोटीवरच्या कित्येक प्रवाशांची ड्रिल झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम कडक केले. आपली जमायची जागा कुठली ते बाबांना पाठ करायला सांगा.

गोव्याला बोट लागते मुरगाव बंदरात, वास्कोजवळ. पणजी तिथून तीसेक किलोमीटर, तेव्हा मंगेशी-शांतादुर्गा करायचं असेल तर गेटाबाहेरची टॅक्सी आधी ठरवून घ्या आणि परतीची वेळ ड्रायव्हरला दोनदा सांगा.

रामबागवाली

सगळ्यांचं एका वहीत उतरवलंय. व्हीलचेअरचा ईमेल केला, उत्तर आलं, मिळणार आहे. बाबांनी वहीचं पान फाडून त्यावर मोठ्या अक्षरात मराठीत आणि हिंदीत बॅलार्ड इस्टेट आणि गेटाचं नाव लिहिलंय, टॅक्सीवाल्याला दाखवायला, आणि ते आतापासूनच शर्टाच्या खिशात घालून फिरतायत. आईचं एकच चाललंय, काकूंच्या मुलासाठी बेसन कधी भाजायचं ते सांग.