मदत हवी आहे: भूलतज्ज्ञाने हवामानबदलासाठी नेमकं काय करावं?

नमस्कार मंडळी,

मी भूलतज्ज्ञ आहे. आमच्या रुग्णालयात 'हरित समिती' निघाली आणि बैठकीला उशिरा पोचल्याची शिक्षा म्हणून तिचं निमंत्रकपद माझ्या गळ्यात पडलं. पहिल्या बैठकीत ठरलं काय, तर आवारात झाडं लावायची आणि लिफ्टशेजारी 'वीज वाचवा' चिकटवायचं. झाडांशी माझं वैर नाही. पण जगातल्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात आरोग्यसेवेचा वाटा साधारण 5 टक्के आहे म्हणतात. मग बदल आपल्या रोजच्या कामात नको का?

अडचण अशी की सर्जन म्हणतात, "आधी पेशंट वाचवू, मग पृथ्वी." हे हसण्यावारी नेता येत नाही, कारण त्यांचं चुकत नाहीये. म्हणून रुग्णाच्या काळजीत तसूभरही कमी पडणार नाही आणि आकड्यांत दाखवता येईल, असं काहीतरी सुचवा. भूल देण्यासाठी हुंगवायच्या वाफांपैकी आमच्याकडे सेव्होफ्लुरेन ('सेव्हो') आणि डेस्फ्लुरेन दोन्ही आहेत. मी डेस्फ्लुरेन सोडलंय, पण एकट्याने सोडून काय होणार?

रातपाळी
बरंच होतं. हिशेब करा. 100 वर्षांच्या मापाने डेस्फ्लुरेनची तापवण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 2500 पट, सेव्होची 130च्या आसपास. म्हणजे डेस्फ्लुरेनची 240 मिलीची एक बाटली जवळपास 900 किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीची, सेव्होची 250 मिलीची बाटली साधारण 50 किलोची. त्यात डेस्फ्लुरेन लागतंही जास्त. रुग्णाच्या शरीरात या वाफांचं फारसं काही होत नाही, आहे तशाच पाइपातून गच्चीवर जातात. स्कॉटलंडने 2023 मध्ये डेस्फ्लुरेन बंद केलं, युरोपीय संघात 2026 पासून ते अपवादानेच वापरता येतं. तिथल्या शस्त्रक्रिया काही थांबल्या नाहीत, हे सर्जनना सांगा.

दुसरं, फ्लो. रुग्ण स्थिरावला की यंत्रातून येणाऱ्या ताज्या वायूचा फ्लो मिनिटाला अर्धा-एक लिटरवर आणा. आणि नळी घालताना मास्क काढता तेव्हा व्हेपोरायझर (औषधाची वाफ करणारा भाग) नाही, फ्लो बंद करा. त्या अर्ध्या मिनिटात आपण खोलीलाच भूल देत असतो.

शंकेखोर
सेव्हो कमी फ्लोवर दिलं तर यंत्रातल्या शोषकाशी (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषणारे दाणे) त्याची क्रिया होऊन कंपाउंड ए नावाचं रसायन तयार होतं, मूत्रपिंडाला घातक, असं आम्हाला शिकवलं होतं. त्याचं काय?

रातपाळी
मलाही तेच शिकवलं होतं. तो अपाय उंदरांमध्ये दिसला होता, माणसांत तसा सिद्ध झालेला नाही. शिवाय ज्या शोषकांत तीव्र अल्कली नसतं, त्यांच्यात कंपाउंड ए जवळपास तयारच होत नाही. तुमच्या यंत्रात कोणता सोडालाइम, म्हणजे शोषक, आहे ते आधी डब्यावर वाचा, मग फ्लो कमी करा.

आणि नायट्रस (भुलेत वापरायचा नायट्रस ऑक्साइड वायू) विसरू नका. ताकद 270 पटींच्या आसपास, पण हवेत शंभरावर वर्षं टिकतो. खरी गंमत वापरात नाही, गळतीत आहे. ब्रिटनमध्ये तपासलं तेव्हा बऱ्याच ठिकाणी, भिंतीतल्या पाइपलाइनमधून येणारा बहुतेक नायट्रस रुग्णापर्यंत पोचतच नाही असं निघालं. वर्षभराची खरेदी एकीकडे आणि भूल-नोंदींतला वापर दुसरीकडे मांडून बघा.

फुफ्फुसवाला
आमच्याकडचं थोडं. दम्याच्या, दाबून मारायच्या पंपात औषध ढकलायला जो वायू असतो तोही तापवणाराच, कोरड्या पावडरच्या इनहेलरमध्ये तो नसतो. पण सरसकट बदलाबदली करू नका. पावडर ओढायला जोर लागतो, लहान मुलांना आणि तीव्र झटक्यात ते जमत नाही. मी पाहतो ते वेगळंच: जो रुग्ण महिन्याला निळा पंप (धाप लागली की तात्पुरता आराम देणारा) संपवतो त्याचा दमा आटोक्यात नाही. तो आटोक्यात आणला की पंप आपोआप कमी लागतात. इथे पेशंट आणि पृथ्वी यांचं भांडणच नाही.

सिस्टर
असले धागे नेहमी गॅसपाशीच थांबतात. हातमोज्यांकडे बघा. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट बालरुग्णालयाने 2018 मध्ये 'गरज नसेल तिथे हातमोजे नकोत' अशी मोहीम काढली, एका वर्षात सुमारे 21 टन प्लास्टिक वाचलं. ताप बघायला, गोळी द्यायला मोजे कशाला? उलट मोजे चढवले की हात धुणं विसरलं जातं. आणि गोळी गिळू शकणाऱ्या रुग्णाला शिरेतून पॅरासिटामॉल लिहिणं आधी थांबवा. बाटली, सेट, सुई, सगळं कचऱ्यात.

सार्वजनिक आरोग्यवाली
उत्सर्जन एक बाजू झाली. उष्णतेची लाट आली तर तुमचा सर्वांत वरचा मजला किती तापतो, हे कुणी मोजलंय का? अहमदाबादच्या एका रुग्णालयात 2010च्या लाटेनंतर प्रसूती विभाग वरच्या मजल्यावरून खाली आणला, तेव्हा उष्णतेमुळे दाखल होणारी नवजात बाळं कमी झाली. एक थर्मामीटर लावा, उन्हाळाभर वाचनं लिहा. मूत्रल औषधं, लिथियम, मनोविकारावरच्या काही गोळ्या घेणाऱ्यांची यादीही उन्हाळ्याआधीच काढून ठेवा, उकाड्यात त्यांनाच जास्त त्रास होतो.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. सोडालाइमचा डबा वाचला, काळजीचं काही नाही. सिस्टर, मोज्यांचं मुख्य परिचारिकांपुढे मांडलं, त्या म्हणाल्या, "हे मी दोन वर्षांपूर्वी लिहून दिलं होतं." मान खाली घालून आलो.

नायट्रसचा हिशेब मात्र काल लावला. आम्ही सगळ्यांनी मिळून वर्षभरात नोंदींत दाखवलेला वापर आणि खरेदी यांत इतकी तफावत की खरेदीच्या आकड्यात एक शून्य जास्त पडलंय असं वाटलं. स्टोअरमध्ये जाऊन पावत्या पाहिल्या. शून्य बरोबर आहे.

आता पुढचा प्रश्न: पाइपलाइन बंद करून यंत्रावरच्या छोट्या सिलिंडरवर कुणी गेलंय का? सह्या कुणाकुणाच्या लागल्या, आणि कळा सोसायला नायट्रस देतात त्या प्रसूतिकक्षाचं काय केलंत?