जुन्या जिनिंगच्या छतावर या बारक्या खोल्या कशासाठी बांधायचे?

कपाशीवाला_अमळनेर
राम राम मंडळी. आमच्या मामांनी जुनी जिनिंग-प्रेस (कपाशीतली सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना) घेतली आहे, विटांची, चुन्यातलं बांधकाम, तिथे धान्याचं गोडाऊन करायचंय. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो वरचं सगळं फालतू आहे, पाडून टाकू आणि सरळ पत्रा मारू, गळती पण थांबेल. मी वर चढून बघितलं तर आढ्यावर लांबच लांब उंचवटा आहे, म्हणजे छपरावर अजून एक बारकं छप्पर, दोन्ही अंगाला लाकडी झिलमिल्या, म्हणजे फटी ठेवून बसवलेल्या तिरप्या पट्ट्या, निम्म्या तुटलेल्या. मग जिन्याच्या वर विटांची चौकोनी खोली, तिला खिडकीच नाही, भिंती बाकीच्यांपेक्षा जाड आणि एक गंजका पाइप तिच्यातनं खाली गेलाय. आणि पार टोकाला छोटी केबिन, तिथनं लोखंडी गर्डर भिंतीबाहेर आलाय. एवढी मेहनत कोणी उगाच करणार नाही असं मला वाटतं. पाडायच्या आधी कळलं पाहिजे, कोणाला माहीत असेल तर प्लीज सांगा.

जुना_फिटर_जळगाव
भाऊ, झिलमिल्यांना हात लावू देऊ नको, आधी हे ऐक. जिनिंगमध्ये रेचे, म्हणजे रुई आणि सरकी वेगळी करणारी मशीनं, चालू असले की रुईचे तंतू आणि धूळ हवेत नुसती तरंगत असते, त्यात मशीनची गरमी आणि वरून आपल्याकडचा मे महिना, ४४-४५ डिग्री. गरम हवा वर चढते आणि आढ्यातनं बाहेर पडते, तिच्या जागी खालच्या खिडक्यांतनं ताजी हवा आत येते, एक पंखा लागत नाही. वारा असला तर अजूनच चांगलं, एका बाजूनं ढकलतो, दुसऱ्या बाजूनं ओढतो. धूळ आत साठणं म्हणजे आगीला आमंत्रण, कपाशीत खडा नाहीतर खिळा आला की रेच्यात ठिणगी पडते आणि मग बघायलाच नको.

कापड गिरणीत मात्र उलटं असतं बरं का. विणाईला हवा दमट लागते, कोरडी झाली की सूत तुटत राहतं, म्हणून तिथे असं उघडं आढं ठेवत नाहीत. करवतीच्या दातांसारखं छप्पर करतात, काचा उत्तरेकडे, ऊन आत येत नाही पण उजेड दिवसभर सारखा मिळतो. म्हणून छप्पर बघितलं की आत काय चालायचं याचा अंदाज येतो.

गर्डरची केबिन कप्पीसाठी. जुन्या दुमजली जिनिंगमध्ये रेचे वरच्या मजल्यावर असायचे, कपाशी वर चढवायची, सरकी फळीतल्या भोकातनं खाली पडायची. गर्डरला खालून हूक नाहीतर कप्पीचं कडं दिसतंय का बघ, आणि त्याच्या बरोबर खाली भिंतीत बुजवलेला दरवाजा असेल.

सिव्हिल_धुळे
बिनखिडकीची खोली पाण्याच्या टाकीची असणार, आगीसाठी ठेवलेलं पाणी. कापसाच्या कारखान्यात ही सोय लागायचीच. उंचीवर का, तर दर १० मीटरला साधारण १ बार प्रेशर फुकटात मिळतं, पंप बंद पडला तरी पाणी येणारच. काही गिरण्यांत त्याच पाइपवर स्प्रिंकलर असायचे, उष्णतेनं आपोआप उघडणारे, अमेरिकेतल्या फ्रेडरिक ग्रिनेलचं त्यातलं गाजलेलं पेटंट १८८१ चं. भिंती जाड का तेही यातनंच कळतं, १०,००० लिटर पाणी म्हणजे नुसत्या पाण्याचेच १० टन. पाडायची असली तरी ब्रेकर लावू नका, हादऱ्यानं चुन्याचं बांधकाम खालपर्यंत सुटतं. आणि डागडुजी चुन्यातच करा, सिमेंट लावलं तर ओल आत अडकते आणि विटांचे पापुद्रे निघतात.

सोनगीर_कडला
आमना गावमा आजूनबी धाबाना घरं शेतस, म्हणजे मातीच्या सपाट छताची. त्यांनाही छताला सानं असतं, चुलीचा धूर जायला आणि उजेड यायला, पाऊस आला की वर जाऊन झाकायचं. कित्येकांनी ते बुजवून टाकलं आणि मग बायामाणसं धुरात खोकत बसली. म्हणून म्हणतो छताला भोक दिसलं म्हणून लगेच बुजवायचं नाही, ते का ठेवलंय हे आधी घरातल्या म्हाताऱ्यांना विचारायचं.

कपाशीवाला_अमळनेर
खूप खूप आभार सगळ्यांचे. गर्डरखाली कडं आहे भो, आणि दरवाज्याची कमान पण दिसते, विटांनी बुजवलेली! मामांना फोटो दाखवले, ते टाकी आणि केबिन ठेवायला तयार आहेत. पण झिलमिल्यांचं त्यांना पटत नाही, म्हणतात जिनिंग होती तेव्हा ठीक होतं, धान्याला उघडं आढं कसं चालेल, पाऊस येईल, कबुतरं येतील.

सिव्हिल_धुळे
धान्याला तर ते जास्तच लागेल. सगळं बंद करून नुसता पत्रा मारला तर दिवसभर आत दमट गरम हवा कोंडते, रात्री पत्रा गार पडला की तिचं पाणी होऊन थेट पोत्यांवर ठिबकतं, वरच्या थराला बुरशी धरते. झिलमिल्या नवीन बसवा, पट्ट्या बाहेरच्या बाजूला उतरत्या, आतनं बारीक जाळी मारा म्हणजे कबुतरांचा प्रश्न मिटला. कीड मारायला धुरी द्यायची असेल तेव्हा थप्पीवर हवाबंद आच्छादन घट्ट टाकून देतात, त्याला आढं आडवं येत नाही. गळती बहुतेक उंचवट्याची उभी बाजू खालच्या छपराला मिळते त्या सांध्यातनं होत असेल, तिथे वाकवलेली पत्र्याची पट्टी बसवून घ्या. आणि खालच्या खिडक्यांपुढे पोती रचू नका, खालनं हवा आली नाही तर वरनं जाणार कुठनं. पहिल्या पावसात सांधा तपासा आणि इथे फोटो टाका, आपण बघू.